ओहायोतलं विल्बरफोर्स : कृष्णवर्णीयांनी स्वतः विकत घेतलेलं विद्यापीठ

मंजिरी_डेटन

डेटनहून झीनियाकडे निघालं की अर्ध्या-पाऊण तासात विल्बरफोर्स लागतं. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीनची शेतं, वस्ती विरळ, आणि त्यातच एकमेकांशेजारी दोन विद्यापीठं : विल्बरफोर्स आणि सेंट्रल स्टेट. आपल्याकडची मंडळी बहुतेक राइट-पॅटरसनचं विमानांचं संग्रहालय बघतात आणि परततात. या गावाबद्दल मराठीत काही वाचल्याचं मला आठवत नाही, म्हणून हा धागा.

१८५० च्या सुमाराला इथे तवावा हाउस नावाचं खनिज झऱ्यांचं विश्रांतीस्थळ होतं. दक्षिणेतले मळेवाले उन्हाळ्यात हवापालटाला यायचे, कधी कधी आपल्या गुलाम स्त्रियांना आणि त्यांच्यापासून झालेल्या मुलांना घेऊन. ओहायोत गुलामगिरीला बंदी होती, त्यामुळे आसपासच्या लोकांना हे रुचायचं नाही. पुढे ते हॉटेल विकायला निघालं. १८५६ मध्ये मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चनं तिथे कृष्णवर्णीयांसाठी विद्यापीठ काढलं आणि त्याला विल्यम विल्बरफोर्सचं नाव दिलं. इंग्लंडच्या संसदेत गुलामांच्या व्यापाराविरुद्ध आयुष्यभर लढला तो. पहिल्या २४ विश्वस्तांत फक्त चार कृष्णवर्णीय होते. बाकीच्यांत ओहायोचे गव्हर्नर सॅमन चेससुद्धा होते. म्हणजे हेतू चांगला, पण किल्ल्या गोऱ्यांच्या हातात.

यादवी युद्ध सुरू झालं, दक्षिणेतून येणारं शुल्क थांबलं आणि १८६२ मध्ये संस्था बंद पडली. इमारत विकायला काढली. त्या चार कृष्णवर्णीय विश्वस्तांपैकी एक होते बिशप डॅनियल पेन. ते कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे, त्याला पुढे नुसतं ए.एम.ई. म्हणते. किंमत ठरली १०,००० डॉलर. पेन यांच्या खिशात तेव्हा दहा डॉलरसुद्धा नव्हते, हे त्यांनीच नंतर लिहून ठेवलं आहे. तरी मार्च १८६३ मध्ये चर्चच्या नावानं त्यांनी सौदा पक्का केला. जेम्स शॉर्टर आणि जॉन मिचेल हे दोघे सहकारी बरोबर उभे राहिले. गावोगावच्या कृष्णवर्णीय मंडळींकडून थोडे थोडे पैसे गोळा करत कर्ज फेडलं. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या मालकीचं आणि त्यांनीच चालवलेलं हे पहिलं विद्यापीठ, आणि पेन हे अमेरिकेतले पहिले कृष्णवर्णीय विद्यापीठ-अध्यक्ष.

चेनी आणि लिंकन या दोन संस्था याच्याही आधीच्या, पण त्या गोऱ्या हितचिंतकांनी काढल्या होत्या. मला हा फरक फार मोठा वाटतो. कुणी तरी आपल्यासाठी शाळा काढणं वेगळं आणि आपण शाळा विकत घेणं वेगळं.

वाटसरू

ताई, सुंदर विषय. एक शंका. दक्षिणेतून शुल्क यायचं म्हणजे कुणाचं? गुलामांना तर लिहा-वाचायलाच बंदी होती ना?

मंजिरी_डेटन

वाटसरू, बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. युद्धापूर्वी इथे दोनशेच्या वर विद्यार्थी होते आणि त्यातले बरेच मळेवाल्यांचीच मुलं होती, गुलाम आयांच्या पोटची. दक्षिणेत त्यांना शिकवायची सोय नव्हती, बऱ्याच राज्यांत तो गुन्हा होता. काही बापांनी त्यांना उत्तरेत आणून सोडलं आणि शुल्क भरलं. त्यात माया किती आणि अपराधाची बोच किती, हे कोण सांगणार? त्या आयांचं काय झालं हे मात्र कागदावर क्वचितच सापडतं. हा इतिहास वाचताना मला सगळ्यात जास्त त्रास तिथेच होतो.

पेन स्वतः चार्ल्सटनचे, १८११ चा जन्म, स्वतंत्र कृष्णवर्णीय घरातले. १८२९ मध्ये त्यांनी एका ओळखीच्याच्या घरात शाळा उघडली. दिवसा तीन मुलं, रात्री तीन प्रौढ गुलाम, प्रत्येकी महिना ५० सेंट. म्हणजे महिन्याची कमाई तीन डॉलर. पुढे शाळा चांगली वाढली आणि तिथेच घात झाला. साउथ कॅरोलायनानं १८३४ मध्ये कायदा केला, कृष्णवर्णीयांना शिकवणाऱ्या अशा शाळांवर बंदी आली. पेन यांना शाळेला कुलूप लावून उत्तरेत जावं लागलं. ज्या माणसाची शाळा कायद्यानं बंद केली, त्यानं २८ वर्षांनी विद्यापीठ विकत घेतलं. खिशात पैसे नसताना हो म्हणण्याचं धैर्य कुठून आलं ते यावरून कळतं.

आणि एक. १८५० च्या दशकाच्या शेवटीच तिथे सारा जेन वुडसन शिकवायला लागल्या. महाविद्यालयात शिकवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतात.

सुमेध

धागा वाचताना १८७३ साल डोक्यात आलं. त्या वर्षी जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' निघाली आणि तात्यांनी ती अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ज्यांनी निग्रो गुलामांना दास्यातून सोडवलं. आपल्या शूद्र बांधवांच्या बाबतीत इथल्या लोकांनी तोच कित्ता गिरवावा, अशी त्यांची आशा होती. त्याच १८७३ मध्ये विल्बरफोर्समधून हॅली क्विन ब्राउन पदवीधर झाल्या. आईवडील दोघंही पूर्वी गुलाम. पुढे त्यांनी वक्तृत्व शिकवलं, स्त्रियांच्या मताधिकारासाठी आणि दारूबंदीसाठी अमेरिका-इंग्लंड पालथं घातलं, आपल्या विद्यापीठासाठी निधी जमवला. तात्यांना पुण्यात बसून जी आशा वाटत होती, तिला तिकडे अशी फळं धरत होती.

दुसरा धागा थेट बाबासाहेबांचा. कृष्णवर्णीय विचारवंत आणि समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांची पहिली नोकरी विल्बरफोर्समधलीच, १८९४ ते १८९६. त्याच ड्युबॉइसना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या नॅशनल निग्रो काँग्रेसनं संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचं त्यांनी वाचलं होतं आणि भारतातल्या अस्पृश्यांच्या वतीनं तसंच काही करावं असा विचार चालला होता, म्हणून अर्जाच्या दोन-तीन प्रती मागवल्या. ड्युबॉइसनी जुलैअखेर उत्तर दिलं, आपण तुमचं नाव ऐकून आहोत आणि अस्पृश्यांबद्दल मला सहानुभूती आहे असं कळवलं. चार ओळींचा पत्रव्यवहार, पण दोन्हीकडच्या लढ्यांना एकमेकांची नीट ओळख होती हे त्यातून दिसतं.

रानजाई

सुमेध, ड्युबॉइस तिथे सुखी नव्हते हेही सांगायला हवं. बर्लिनहून ताजे ताजे आलेले, उंच टोपी, हातमोजे, काठी. वर्षाला ८०० डॉलर पगार. लॅटिन, ग्रीक, जर्मन, इंग्रजी सगळं शिकवायचं. त्यांना समाजशास्त्र शिकवायचं होतं, ते मात्र मिळालं नाही. एका सभेत कुणी तरी परस्पर जाहीर केलं की आता प्राध्यापक ड्युबॉइस प्रार्थना सांगतील, आणि त्यांनी तिथल्या तिथे नकार दिला. नोकरी जाता जाता वाचली. एका बिशपच्या मुलाला प्राध्यापक म्हणून बसवायचा घाट घातला गेला, तेव्हाही ते आडवे गेले. दोन वर्षांत ते निघाले.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. मालकी आपल्या माणसांची झाली म्हणून विचाराचं स्वातंत्र्य आपोआप येत नाही. चर्चचा पैसा आला की चर्चचा शब्दही येतो. मंजिरी, तुझ्या पहिल्या लेखात ही बाजू राहून गेली.

मंजिरी_डेटन

रानजाई, पटलं. ए.एम.ई.मध्ये बिशपचा शब्द फार चालायचा आणि विश्वस्त मंडळात त्यांचाच भरणा असायचा. संस्थेच्या कितीतरी अध्यक्षांची त्यात दमछाक झाली.

पण ते चर्च कशातून निघालं तेही बघ. फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये कृष्णवर्णीयांना वेगळं बसवायला लागले. गुडघे टेकून प्रार्थना करत असलेल्यांना ओढून उठवलं, तेव्हा रिचर्ड ॲलन आणि सोबतचे लोक उठून बाहेर पडले. १७९४ मध्ये त्यांनी बेथेल चर्च उभं केलं, १८१६ मध्ये स्वतंत्र ए.एम.ई. संप्रदाय झाला. त्या काळात कृष्णवर्णीयांच्या ताब्यात असलेली मोठी, देशभर पसरलेली, पैसा जमा करू शकणारी संस्था म्हणजे चर्चच. बँक नव्हती, सरकार नव्हतं, जमीनही नव्हती. विद्यापीठ कोण चालवणार होतं दुसरं?

आणि त्याच बिशपांच्या राज्यात विल्यम स्कारबरोसुद्धा होते. जॉर्जियात गुलाम म्हणून जन्म, लहानपणी चोरून अक्षरओळख, आणि १८८१ मध्ये ग्रीक भाषेचं पाठ्यपुस्तक लिहिलं. कृष्णवर्णीय माणसाला ग्रीक जमणारच नाही, असं मोठमोठे गोरे लोक छातीठोकपणे सांगत होते त्या काळात! पुढे १९०८ ते १९२० ते विल्बरफोर्सचे अध्यक्ष होते.

ड्युबॉइसना तिथे एक जिवाभावाचा मित्रही मिळाला, चार्ल्स यंग. वेस्ट पॉइंट या सैनिकी अकादमीतून उत्तीर्ण झालेला तिसरा कृष्णवर्णीय अधिकारी. सैन्यशास्त्र शिकवायला १८९४ मध्ये आला. पहिल्या महायुद्धाच्या वेळी तो लेफ्टनंट कर्नल झाला होता, पुढची बढती मिळाली असती तर गोऱ्या अधिकाऱ्यांवर हुकूम चालवावा लागला असता. तेव्हा रक्तदाबाचं निमित्त काढून त्याला निवृत्त केलं. त्यानं काय करावं? १९१८ च्या जूनमध्ये विल्बरफोर्सहून घोड्यावर बसला आणि वॉशिंग्टनपर्यंत जवळजवळ ५०० मैल गेला, तब्येत ठणठणीत आहे हे दाखवायला. तरी आघाडीवर धाडलं नाहीच. त्याचं विल्बरफोर्समधलं घर आता राष्ट्रीय स्मारक आहे, २०१३ मध्ये ओबामांनी जाहीर केलं.

खडूफळा

मी अनुदानित महाविद्यालयात शिकवतो, त्यामुळे मला या गोष्टीतला सरकारी पैशाचा भाग जाणून घ्यायचा आहे. वर दोन विद्यापीठं म्हणालात, दुसरं कसं झालं?

आमच्याकडे पगार सरकार देतं आणि संस्था नावाला उरते. भरती अडते, रिक्त जागा वर्षानुवर्षं तशाच राहतात, तासिका तत्त्वावर पोरं राबतात. उलट विनाअनुदानितमध्ये संस्थाचालक म्हणेल ते. या दोन्हींच्या मध्ये कुठे वाट निघते का, हे मी कायम शोधत असतो.

मंजिरी_डेटन

सर, तुमचा प्रश्न विल्बरफोर्सच्या इतिहासाच्या मुळाशीच जातो, म्हणून जरा लांब उत्तर देते.

१८८७ मध्ये ओहायो राज्यानं विल्बरफोर्सच्या आवारातच शिक्षक प्रशिक्षण आणि उद्योगशिक्षणाचा विभाग सुरू केला. त्याच काळात ए.एम.ई.चे बेंजामिन आर्नेट राज्याच्या विधिमंडळात होते आणि ओहायोतले कृष्णवर्णीयांविरुद्धचे उरलेसुरले कायदे, विशेषतः वेगळ्या शाळांचा, त्यांनी पुढाकार घेऊन रद्द करवले. म्हणजे एका बाजूनं शाळा एकत्र होत होत्या आणि दुसऱ्या बाजूनं कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाला राज्याचा पैसा मिळत होता. दोन्ही लढे एकाच माणसानं लढवले, यात मला तरी विसंगती दिसत नाही.

पण व्यवस्था विचित्र झाली. एकच आवार, एकच नाव, विद्यार्थी दोन्हीकडचे तास करणार, आणि कारभार मात्र दोन मंडळांचा. एक चर्चचं, एक राज्याचं. राज्याचा पैसा धर्मसंस्थेला जाऊ नये म्हणून हिशेब वेगळे. हळूहळू राज्याच्या बाजूला इमारती वाढल्या, पगार वेळेवर झाले, विद्यार्थी तिकडे ओढले गेले. चर्चच्या बाजूला प्रतिष्ठा आणि इतिहास. साठ वर्षं हा संसार कसाबसा चालला.

१९४२ मध्ये इतिहासकार चार्ल्स वेस्ली अध्यक्ष झाले. पाच वर्षांत चर्चच्या मंडळाशी त्यांचं बिनसलं आणि १९४७ मध्ये त्यांना काढलं. राज्याच्या बाजूनं लगेच त्यांना आपला अध्यक्ष केलं आणि प्राध्यापक-विद्यार्थ्यांचा मोठा भाग त्यांच्यामागे गेला. तेच पुढे १९५१ मध्ये सेंट्रल स्टेट कॉलेज आणि १९६५ मध्ये विद्यापीठ झालं. गायिका लिओन्टिन प्राइस या फाटाफुटीच्या वेळी तिथे शिकत होती. संगीतशिक्षिका व्हायचं म्हणून विल्बरफोर्समध्ये आली आणि १९४८ मध्ये पदवी घेतली ती राज्याच्या बाजूची, म्हणजे पुढच्या सेंट्रल स्टेटची! पुढे मेट्रोपॉलिटन ऑपेरा गाजवली.

तर वाट निघाली का? माझ्या मते नाही. राज्याकडे गेलेला भाग मोठा झाला, चर्चकडे राहिलेला लहान आणि गरीब. पण तो स्वतःचा राहिला, आणि ते टिकवण्यासाठी त्यांनी जी किंमत मोजली ती मला क्षुल्लक वाटत नाही.

खडूफळा

मंजिरीताई, सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. दोन मंडळं आणि एक आवार, हे वाचूनच घाम फुटला. आमच्या प्राचार्यांना वाचायला देतो.

अनुप_ह्यूस्टन

एक रोखठोक प्रश्न, कुणी वाईट वाटून घेऊ नये. आज कृष्णवर्णीय मुलाला ओहायो स्टेटमध्ये प्रवेश मिळतो, हार्वर्डमध्ये मिळतो. मग काहीशे विद्यार्थ्यांचं, कायम पैशाच्या विवंचनेतलं विद्यापीठ चालवायचं कशाला? व्हर्जिनियातलं एपिस्कोपल चर्चचं सेंट पॉल्स कॉलेज २०१३ मध्ये बंद झालंच की.

मंजिरी_डेटन

अनुप, प्रश्न रास्त आहे. मी त्यांची वकील नाही, तरी उत्तर देते.

आधी पैशाचं गणित. मोठ्या विद्यापीठांकडे देणग्यांचा साठा असतो, त्याच्या व्याजावर वाईट वर्षं निघतात. इथे जवळजवळ सगळी भिस्त शुल्कावर. विद्यार्थी बहुतेक गरीब घरचे, सरकारी पेल अनुदान आणि कर्जावर शिकणारे. २०११ मध्ये शिक्षण खात्यानं पालकांना मिळणाऱ्या कर्जाच्या पात्रतेचे निकष कडक केले. एका झटक्यात हजारो पालकांचे अर्ज नाकारले गेले आणि कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांतली मुलं अर्ध्यावर घरी परतली. विल्बरफोर्सलाही त्या काळात मोठा फटका बसला. पटसंख्या घसरली, वसतिगृहांची दुरुस्ती रखडली, २०१४ मध्ये अधिस्वीकृती देणाऱ्या आयोगानं कारणे दाखवा असा आदेश काढला. संस्था जेमतेम वाचली. म्हणजे गैरकारभार असेलही, पण दूर वॉशिंग्टनमध्ये बदललेला एक नियमही पुरतो.

आता कशाला चालवायचं ते. मला यांची एक पद्धत फार आवडते. १९६४ पासून इथे प्रत्येक विद्यार्थ्याला शिकता शिकता पगारी नोकरीचा अनुभव घेणं सक्तीचं केलं. कार्यालयात, कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करायचं आणि त्याचे श्रेयांक मिळवायचे. ज्या घरात वडिलांच्या ओळखीनं कुणाला प्रशिक्षणार्थी म्हणून घेत नाहीत, त्या मुलांसाठी विद्यापीठच ओळख करून देतं.

आणि २०२१ च्या मे महिन्यातला पदवीदान समारंभ. अध्यक्ष एल्फ्रेड पिंकर्ड भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, २०२० आणि २०२१ च्या पदवीधरांची विद्यापीठाकडे असलेली सगळी थकबाकी माफ. एकूण रक्कम ३ लाख ७५ हजार डॉलरच्या वर होती. टोप्या-झगे घातलेली ती मुलं आधी नुसती एकमेकांकडे बघत राहिली आणि मग किंचाळत उठली. हार्वर्डला ही रक्कम जाणवणारही नाही. विल्बरफोर्ससाठी ती डोंगराएवढी होती, आणि त्यांनी ती सोडली. मुलं जिथे नुसता आकडा नसतात, अशी जागा हवी की नको?

अनुप_ह्यूस्टन

कर्जाच्या नियमाचं मला ठाऊक नव्हतं. तो मुद्दा वजनदार आहे. तरी छोट्या संस्थांनी एकत्र यावं असंच मला वाटतं. सेंट्रल स्टेट शेजारीच तर आहे.

रानजाई

अनुप, १९४७ चा घटस्फोट वाचूनही पुन्हा लग्न लावायला निघालात? ग्रंथालय, प्रयोगशाळा, बससेवा वाटून घ्या, जरूर घ्या. नाव आणि विश्वस्त मंडळ मात्र वेगळंच असू द्या. आणि हे मी, चर्चच्या हस्तक्षेपाबद्दल वर इतकं बोललेली, म्हणतेय.

नर्मदाकाठ

उशिरा आले, पण शार्लट मॅक्सेकेंचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून लिहिते. मी जोहान्सबर्गला काही काळ राहिले आहे, तिथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाला त्यांचं नाव आहे.

दक्षिण आफ्रिकेतल्या एका गायनवृंदाबरोबर त्या १८९० च्या दशकात अमेरिकेत आल्या. दौरा आयोजित करणाऱ्यांनी हात वर केले आणि ही तरुण मंडळी ओहायोत अडकून पडली. ए.एम.ई.च्या लोकांनी त्यांना आधार दिला आणि शार्लटना विल्बरफोर्समध्ये घातलं. तिथे ड्युबॉइस त्यांचे शिक्षक होते. १९०१ मध्ये त्या विज्ञानाच्या पदवीधर झाल्या. पदवी मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय दक्षिण आफ्रिकन स्त्री! परत जाऊन त्यांनी नवऱ्याबरोबर शाळा काढली. एव्हाटनला विल्बरफोर्सच्याच नावाची संस्था उभी राहिली. १९१८ मध्ये बांटू विमेन्स लीग स्थापन केली आणि स्त्रियांवर लादलेल्या, फिरण्यासाठी पास जवळ बाळगण्याच्या सक्तीविरुद्ध त्या लढल्या.

आणि गंमत बघा, त्यांनी अमेरिकेतून बहिणीला लिहिलेल्या पत्रातून तिकडच्या स्वतंत्र आफ्रिकन चर्चला ए.एम.ई.चा पत्ता लागला आणि १८९६ मध्ये ते दोघं जोडले गेले. मलावीचे पहिले अध्यक्ष हेस्टिंग्ज बांडाही विल्बरफोर्सलाच शिकून गेले. मक्याच्या शेतातल्या एका छोट्या शाळेचा हात कुठवर पोचला होता!

सुमेध

नर्मदाकाठ, हे अजिबात माहीत नव्हतं, धन्यवाद. त्यात बायर्ड रस्टिनचं नाव घाला. १९३२ मध्ये विल्बरफोर्सला आला, जेवण वाईट मिळतं म्हणून विद्यार्थ्यांचा संप घडवून आणला आणि बाहेर पडावं लागलं. १९४८ मध्ये भारतात येऊन गांधीजींच्या सहकाऱ्यांकडून अहिंसक लढ्याची तंत्रं समजून घेतली. १९६३ चा नागरी हक्कांसाठीचा वॉशिंग्टन मोर्चा प्रत्यक्ष आखला तो त्यानं.

वाटसरू

पुढच्या महिन्यात कोलंबसला मुलीकडे येतोय. बघण्यासारखं काय आहे तिथे? जुन्या इमारती उरल्या आहेत का?

मंजिरी_डेटन

काका, जरूर या. मूळची इमारत मात्र नाही. १४ एप्रिल १८६५ ला, ज्या रात्री लिंकनवर गोळी झाडली त्याच दिवशी, तिला आग लागली. लावली असंच सगळे मानतात. पेन यांनी पुन्हा वर्गणी गोळा करून नवी उभी केली. नंतर ३ एप्रिल १९७४ च्या चक्रीवादळानं झीनिया आणि दोन्ही विद्यापीठांची दाणादाण उडवली. सेंट्रल स्टेटच्या आवारात गॅलोवे इमारतीचा घड्याळाचा मनोरा त्यातून वाचला, तो बघा. विल्बरफोर्सचं आताचं आवार जुन्यापासून मैलभर अंतरावर आहे.

जुन्या आवाराच्या जागी राष्ट्रीय आफ्रो-अमेरिकन संग्रहालय आहे, १९८८ मध्ये उघडलं. त्याला दोन-तीन तास ठेवा. तिथून चार्ल्स यंगचं घर अगदी जवळ, पण ते कधी कधी दुरुस्तीसाठी बंद असतं, निघण्यापूर्वी वेळा तपासा. कोलंबसहून गाडीनं साधारण तासभर. रविवारी संग्रहालयाचं बघून ठेवा, आणि जेवण झीनियात उरका, गावात फारसं काही मिळत नाही. यायचा दिवस ठरला की व्यक्तिगत निरोप करा, मला सुट्टी असली तर मीही येते.